मूळ धुऊन पाहिल्याशिवाय दुकानात जाऊ नका

पत्राचा सारांश: वर्धा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. घरची सहा एकर शेती. नवरा शहरात नोकरीला, त्यामुळे वावर त्या आणि त्यांचे वृद्ध सासरे पाहतात. विहिरीजवळच्या अर्ध्या-पाऊण एकरात तीन वर्षांपासून कपाशी खुरटते. पानं फिकी पडतात, दुपारी झाडं माना टाकतात, संध्याकाळी थोडी सावरतात, बोंडं कमी लागतात. दर वर्षी हा पट्टा नांगरटीच्या दिशेने थोडा लांबतो. यंदा ऑगस्टमध्ये भर पडली. वीसेक दिवसांच्या खंडानंतर दोन दिवस जोरदार पाऊस झाला, मग कडक ऊन पडलं आणि नाल्याकडच्या खोलगट भागातली बोंडांनी लदलेली झाडं एका दिवसात मलूल झाली. कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराने "मर आहे" म्हणत नऊ हजारांची औषधं उधारीवर दिली. त्यांत कॉपरचं बुरशीनाशक, ट्रायकोडर्मा, सूत्रकृमीचं (मुळांवर जगणाऱ्या मातीतल्या सूक्ष्म जंतांचं) औषध आणि ह्युमिक आहे, आणि सगळं एकत्र ड्रिपमधून सोडायला सांगितलं आहे. सासरे म्हणतात, "जमीन बाद झाली, मक्त्याने देऊन टाक." ताई लिहितात, "आधी तिथे ज्वारी असायची. मी हट्टाने ड्रिप टाकलं, भाजीपाला घेतला, मग कपाशी. माझ्याच हाताने जमीन बिघडली का?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की उत्तराचा निम्मा भाग तुम्हीच लिहून पाठवला आहे. पट्टा नांगरटीच्या दिशेने लांबतो, झाडं संध्याकाळी सावरतात, नाल्याकडची झाडं मात्र एका दिवसात गेली आणि तीही सगळ्यात भरलेली. ही बारीक नोंद ठेवणाऱ्या बाईने जमीन बिघडवली, असं मला वाटत नाही. त्या प्रश्नाकडे मी परत येईन.

आधी एका शब्दाबद्दल बोलू. मर हे आपण लक्षणाला दिलेलं नाव आहे. झाड कोमेजलं की मर. ताप आला म्हटल्याने मलेरिया की टायफॉइड ते कळत नाही, तसंच हे. कपाशी कोमेजायची निदान चार वेगवेगळी कारणं आपल्या भागात आहेत, आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर बहुतेक वाया जातो. तुमच्या वावरात मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. विहिरीजवळ एक आणि नाल्याकडे दुसरी. दुकानदार भाऊंनी दोन्हींना एकच नाव दिलं आणि तिथेच गाडी चुकली.

मर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यापुढे फ्युझारियम ही बुरशी येते. तिची दहशत खरी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मध्य भारतातल्या देशी कपाशीने हा रोग सोसला आणि मर न लागणारे देशी वाण निवडण्यात कापूस संशोधकांच्या पिढ्या गेल्या. पण आपल्याकडची ती बुरशी मुख्यतः देशी कपाशीवर येते. 2002 नंतर वावरावावरांत पसरलेले बीटी, म्हणजे बोंडअळीला रोखणारा जनुक घातलेले, संकरित वाण जवळजवळ सगळे अमेरिकन कपाशीचे आहेत, आणि त्यांना ही मर सहसा लागत नाही. तुमची कपाशी बीटी आहे. म्हणजे पहिला संशय जिच्यावर घेतला गेला, तिचीच शक्यता सगळ्यात कमी. खात्री मात्र करून घ्या. मलूल झाडाचं खोड जमिनीजवळ उभं चिरा. आतल्या लाकडात तपकिरी-काळ्या रेषा दिसल्या तर बुरशीचा विचार करू. लाकूड पांढरं स्वच्छ असेल तर तो विषय तिथेच सोडा.

आता नाल्याकडचा भाग, कारण तिथे घड्याळ महत्त्वाचं असतं. तुम्ही वर्णन केलंय ती आकस्मिक मर दिसते. हा रोग नव्हे, झाडाची झालेली कोंडी आहे. लांबलेल्या खंडात झाड तहानलेलं असतं, बोंडांचा भार अंगावर असतो. मग एकदम वावर तुंबतं, मातीतली हवा निघून जाते आणि मुळांचा श्वास कोंडतो. वर कडक उन्हात पानं पाणी मागत राहतात, खाली पाणी असूनही मूळ ते उचलू शकत नाही. म्हणून जे झाड सगळ्यात जोमदार, तेच आधी बसतं. असं झाड ओढून पाहिलं तर सहज येत नाही, मुळं शाबूत असतात. याउलट मूळकुज असेल तर झाड हलक्या हाताने उपटून येतं, सोटमुळाची साल ओलसर, चिकट झालेली असते आणि तिच्या चिंध्या निघतात. हा फरक हातालाच कळतो.

आकस्मिक मरेत पहिलं काम चर काढून पाणी नाल्यात उतरवायचं. मग 24 ते 48 तासांच्या आत, फक्त मान टाकलेल्या आणि त्यांच्या शेजारच्या झाडांना आळवणी द्यायची, म्हणजे बुंध्याशी द्रावण ओतायचं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने सांगितलेलं प्रमाण असं: 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश आणि 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड, झाडाला 100 मिली. नंतर बुंध्याजवळची माती पायाने दाबायची. वेळेत केलं तर बरीच झाडं उठतात. आठवडा उलटल्यावर केलं तर पैसे मातीत जातात. ऑगस्टमध्ये वाळून गेलेली झाडं आता परत येणार नाहीत, त्यांच्यामागे खर्च करू नका. पुढच्या वर्षी त्या भागात पेरणी रुंद वरंब्यावर करा, किंवा दर चार-सहा ओळींनंतर डवऱ्याला दोरी बांधून सरी काढा. आणि ड्रिप असो वा नसो, खंड पडला तर हलकं, वेळेवर पाणी द्या. भेगा पडेपर्यंत थांबून मग भडाभडा पाणी सोडलं तर तोच पाऊस आपण आपल्या हाताने पाडतो.

विहिरीजवळचं दुखणं जुनं आहे आणि त्याला घाई चालत नाही. तीन वर्षं तीच जागा, फिकी खुरटी झाडं, दुपारची मान आणि औताबरोबर लांबत जाणारा पट्टा. ही सगळी लक्षणं सूत्रकृमीकडे बोट दाखवतात. पण वरून दिसणाऱ्या लक्षणांवर मी शिक्का मारणार नाही. तसंच फिकेपण निचरा नसल्याने, चुनखडीने किंवा अन्नद्रव्य कमी पडल्यानेही येतं. मूळ पाहायला हवं.

ते असं पाहा. झाड उपटू नका, उपटल्यावर बारीक मुळं जमिनीतच तुटून राहतात आणि पुरावाच हरवतो. फावड्याने वीतभर अंतरावरून ढेकळासकट काढा. बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा आणि हळूच हलवून माती सुटू द्या. पट्ट्याच्या मधलं पार मेलेलं झाड घेऊ नका, कडेचं आजारी पण जिवंत झाड घ्या. मेल्या मुळावर सूत्रकृमी फार उरत नाहीत. एक झाड चांगल्या भागातलंही काढून शेजारी ठेवा.

मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर त्या गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या. तुरीच्या किंवा सोयाबीनच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात, त्या नखाने सुटून येतात आणि आतून गुलाबी दिसतात. कपाशीला तशा गाठी नसतातच, त्यामुळे कपाशीच्या मुळावरची गाठ म्हणजे दुखणंच. ती मुळाचाच फुगलेला भाग असते, सुटत नाही. वांग्या-टोमॅटोवर दिसते तेवढी मोठी गाठ शोधू नका, कपाशीवर ती बारीक असते.

गाठी दिसल्या नाहीत तरी सुटलो असं समजू नका. भारी जमिनीत दुसरा प्रकार जास्त आढळतो, त्याला रेनिफॉर्म म्हणजे मूत्रपिंडाच्या आकाराचा सूत्रकृमी म्हणतात. याची मादी तोंडाकडचा भाग मुळात खुपसते आणि मागचा भाग बाहेर फुगतो. त्यावर चिकट आवरणात ती अंडी घालते आणि मातीचे कण त्याला चिकटून बसतात. म्हणून मूळ धुतलं तरी मळकट, खरखरीत दिसतं. चांगल्या झाडाचं मूळ शेजारी ठेवायला सांगितलं ते याचसाठी. हा जीव अर्ध्या मिलिमीटरहून लहान, नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही. उष्ण जमिनीत त्याची एक पिढी साधारण तीन-चार आठवड्यांत पूर्ण होते. जूनमध्ये लावलेली कपाशी डिसेंबरपर्यंत उभी राहिली तर किती पिढ्या झाल्या, ते मोजा. आणि त्यावर फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही तीच कपाशी पुढे राखली, तर आणखी दोन-तीन वाढतात.

खात्रीसाठी मातीचा नमुना पाठवा. खताच्या तपासणीची माती आपण सावलीत वाळवतो. सूत्रकृमीसाठी नमुना कधीही वाळवायचा नाही. दहा-बारा झाडांच्या मुळांजवळून वीतभर खोलीची ओलसर माती आणि थोडी बारीक मुळं घ्या, अर्धा किलो प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, उन्हात न ठेवता एक-दोन दिवसांत पोचवा. चांगल्या भागाची वेगळी पिशवी करा. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्रात सूत्रकृमी मोजायची सोय नसते, आधी फोन करून विचारा. केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपूरला वर्धा रोडवरच आहे, तुम्हाला ती अकोल्याच्या कृषी विद्यापीठापेक्षा जवळ पडेल. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा मोफत क्रमांकही विचारपूस करायला उपयोगी पडतो. प्रयोगशाळा गाठणं ज्यांना जमणार नाही, त्यांनी दोन कुंड्या घ्याव्यात. एकीत पट्ट्याची माती, दुसरीत चांगल्या भागाची, दोन्हींत टोमॅटोची आणि कपाशीची दोन-दोन रोपं. पाच आठवड्यांनी मुळं धुऊन शेजारी शेजारी पाहावीत. गाठी करणारा सूत्रकृमी यात उघडा पडतो. रेनिफॉर्मची खात्री मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

आता नऊ हजारांची पिशवी. ताई, जी पाकिटं उघडलेली नाहीत ती परत करा. बिल नसेल तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. कॉपरचं बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकत्र सोडायचं म्हणजे एका हाताने बी पेरून दुसऱ्या हाताने त्यावर तणनाशक मारायचं. ट्रायकोडर्मा स्वतःच एक बुरशी आहे, कॉपर तिलाही मारतं. सूत्रकृमीसाठी पॅसिलोमायसिससारख्या उपयोगी बुरश्या मिळतात, त्या सूत्रकृमीची अंडी खातात. पण त्यांना ओल आणि सेंद्रिय खत लागतं. त्या पेरणीच्या आसपास कामाच्या, सप्टेंबरात नाही. उभ्या पिकात आता काहीही ओतलं तरी मुळांचं झालेलं नुकसान भरून येणार नाही. आणखी एक, कोणी "जुना फोरेट आहे, टाकून दे" म्हटलं तर हात लावू नका. 2020 च्या अखेरीपासून त्यावर देशात बंदी आहे आणि तुमची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही.

सासऱ्यांच्या "मक्त्याने देऊन टाक" या म्हणण्याचा विचार मी मनापासून केला. त्यांना थकवा आला असेल आणि त्यांच्यामागे तुमच्यावरचा भार कमी व्हावा अशी इच्छाही असेल. पण एक वर्षाच्या मक्त्यावर घेणारा माणूस तिथे पुन्हा कपाशीच लावेल, कारण पैसा तिच्यातून लवकर निघतो. तो त्या जागेला विश्रांती देणार नाही. वर्षाने पट्टा पाऊण एकराचा सव्वा एकर होऊन तुमच्याकडेच परत येईल. सहा एकर सांभाळणं तुम्हा दोघांना जड जात असेल तर नाल्यापलीकडचा चांगला तुकडा मक्त्याने द्या, हा विहिरीजवळचा आपल्याच हातात ठेवा.

आणि तुम्ही ज्या गोष्टीचा दोष स्वतःला देताय, त्याबद्दल. ज्वारी एकट्या तुमच्या वावरातून गेली नाही. पाखरं, रानडुकरं, कापणीला न मिळणारी माणसं आणि न परवडणारा भाव, यांनी ती सगळ्या विदर्भातून मागे रेटली. भाजीपाला घेतल्याने सूत्रकृमी वाढले असण्याची शक्यता आहे, कदाचित वांग्याच्या रोपांबरोबर नर्सरीतून आलेही असतील. तरी तेही सरळ गणित नाही. वांग्यावर गाठी करणाऱ्या मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा या जातीचे चार वंश आहेत आणि त्यांपैकी कपाशीवर तिसरा नि चौथाच वाढतो. म्हणजे भाजीत गाठी दिसल्या म्हणून कपाशी बसणारच, असं नाही. एकदा आलेला सूत्रकृमी स्वतःच्या चालीने वर्षभरात फार तर मीटरभर सरकतो. त्याला फिरवतात रोटाव्हेटर, औत, वाहतं पाणी आणि चिखलाने भरलेल्या चपला. भाड्याच्या ट्रॅक्टरला सांगा की आधी चांगलं वावर, पट्टा सगळ्यात शेवटी, आणि धुऱ्याबाहेर पडण्याआधी फाळाची माती झटकायची. या सवयीला एक रुपया लागत नाही.

मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, तुम्ही एक प्रश्न विचारा. "तुमच्या वेळी कपाशी कशाच्या बेवडावर घ्यायचे?" बेवड म्हणजे त्याच जागी आधी घेतलेलं पीक. ते ज्वारी म्हणतील. रेनिफॉर्म सूत्रकृमी ज्वारीवर वाढत नाही, मक्यावर वाढत नाही. त्या पिढीने सूक्ष्मदर्शक न पाहता ही गोष्ट पिकाच्या अंगावरून ओळखली होती. पण आज बेवड म्हणून आपण जे घेतो, त्यात चूक होते. द्विदल घेतलं की जमीन सुधारते असं आपण धरून चालतो. नत्रापुरतं ते खरं आहे. पण तूर, मूग, उडीद, चवळी, सोयाबीन ही सगळी रेनिफॉर्मला आवडणारी पिकं आहेत. कपाशीत तुरीच्या ओळी, पुढच्या वर्षी सोयाबीन, मग परत कपाशी. आपल्याला वाटतं पीक बदललं, सूत्रकृमीला मात्र ताट तेच मिळालं. जाता जाता, तुरीवरची मर वेगळ्या बुरशीची आहे. ती तुरीतून कपाशीवर उडी मारत नाही, ती भीती ठेवू नका.

म्हणून तपासणीत रेनिफॉर्म निघाला तर त्या पाऊण एकरात सलग दोन खरीप ज्वारी घ्या. तुकडा विहिरीजवळ, घराजवळ आहे, त्यामुळे राखण जमेल आणि बैलांना कडबा होईल. रब्बीत तिथे हरभऱ्याऐवजी गहू बरा. गाठी करणारा निघाला तर ज्वारीवर तेवढा भरवसा ठेवू नका आणि मका तर टाळाच. त्याच्यासाठी भुईमूग चांगला, कारण इन्कॉग्निटा त्यावर वाढत नाही आणि रेनिफॉर्मही नाही. दोन्ही मिळून निघाले तरी भुईमूगच. दसऱ्या-दिवाळीचं गणित बसत असेल तर झेंडूही घ्या, पण पूर्ण पट्ट्यात दाट. धुऱ्यावर चार ओळी लावून उपयोग होत नाही, झेंडूची मुळं जिथे पोचतील तिथेच तो काम करतो. काहीही लावलं तरी आपोआप उगवलेली कपाशीची रोपं आणि रुंद पानांची तणं काढत राहा. तीही सूत्रकृमीला पोसतात.

यंदा शेवटची वेचणी झाली की पट्ट्यातली पऱ्हाटी चिमट्याने मुळासकट उपटून उन्हात वाळवा. इतर वावरात तुम्ही ती रोटाव्हेटरने बारीक करून मातीत मिसळत असाल तर खुशाल मिसळा, या पट्ट्यात नको. फरदड ठेवू नका, गुलाबी बोंडअळीच्या दृष्टीनेही ते बरं. एप्रिल-मेमध्ये पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा खोल नांगरट करा. मात्र नुसत्या नांगरटीवर विसंबू नका, कारण रेनिफॉर्म कोरड्या मातीत सुकून दोन वर्षंही तग धरतो आणि मीटरभर खोलही सापडतो. म्हणून पीक बदलणं हाच मुख्य उपाय, नांगरट त्याला जोड. पेरणीआधी फक्त तेवढ्या पट्ट्यात चांगलं कुजलेलं शेणखत, त्यात एकरी 2 किलो ट्रायकोडर्मा मुरवून, आणि जमल्यास एकरी 200 किलोच्या हिशेबाने निंबोळी पेंड द्या. सहाही एकरांत पेंड टाकायची गरज नाही.

दोन वर्षांनी कपाशी परत आली की सूत्रकृमी शून्य झालेले नसतील. ते शून्य होत नाहीत. पुन्हा एक मातीचा नमुना द्या, संख्या किती उतरली ते पाहा आणि मग ठरवा. बियाण्याच्या पाकिटावर "मर सहनशील" लिहिलं असेल तर कोणत्या मरेला, हे दुकानदाराला विचारा. तो सांगू शकला नाही तर त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका.

एवढं सगळं उद्याच करायचं नाही. उद्या सकाळी मामाजींना सोबत घेऊन तीन झाडं खणा. एक नाल्याकडचं, एक पट्ट्याच्या कडेचं, एक चांगल्या भागातलं. तिन्ही एका ओळीत धुऊन ठेवा, दोघं मिळून पाहा, दिवसाउजेडी मोबाइलवर फोटो काढा आणि मला पाठवा. फोटोत मुळांशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे गाठींचा आकार कळेल.